अर्ध्या तासाची शर्यत : मलेरियाच्या लशीचा इतिहास आणि भारतापुढील प्रश्न

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर२१/मॅट्रिक्स-एम’ या मलेरियाविरोधी लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी केली. अशी शिफारस मिळालेली ती जगातील केवळ दुसरी मलेरिया-लस. पहिली ‘आरटीएस,एस’. तिला ही मान्यता ६ ऑक्टोबर २०२१ रोजी मिळाली आणि तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवण्याचा करार त्याच वर्षीच्या जानेवारीत झाला होता. म्हणजे दोन्ही लशींची नाळ भारतीय कारखान्यांशी जुळलेली आहे. तरीही भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात यांपैकी एकही लस नाही.

ही विसंगती पाहून कुणाच्या तरी अनास्थेकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. परंतु तिचे मूळ परजीवीच्या जीवनक्रमात आणि त्याच्याशी विज्ञानाने दिलेल्या दीर्घ झुंजीत आहे. त्या झुंजीतील काही महत्त्वाचे प्रसंग भारतातच घडले, आणि तिचा पुढचा अध्यायही बहुधा भारतालाच लिहावा लागेल.

मलेरियाचा, म्हणजेच हिवतापाचा परजीवी फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फॉन्स लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात एका रुग्णाच्या रक्तात पाहिला. तो रक्तात पोचतो कसा, हे कोडे मात्र भारतात सुटले. अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस तेव्हा सिकंदराबादेत लष्करी वैद्यकीय सेवेत होते. हुसेन खान नावाचा एक मलेरियाचा रुग्ण त्यांच्या प्रयोगांसाठी डास चावून घेई आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रुग्णाचे रक्त प्यालेल्या अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काळसर रंगद्रव्याचे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी परजीवीचा डासातील संपूर्ण प्रवास उलगडला. जठरातून लाळग्रंथीत आणि तेथून चाव्यावाटे नव्या यजमानाच्या शरीरात, असा तो प्रवास होता. या कार्यासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १८९७ सालच्या जानेवारीत मुंबईत आणखी एक घटना घडली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये आणि लस आली अवघ्या तीन वर्षांत. मलेरियाचा परजीवी सापडला १८८० मध्ये आणि पहिली शिफारस झालेली लस आली २०२१ मध्ये. तीन वर्षे आणि एकशे एक्केचाळीस वर्षे, या दोन आकड्यांमधील अंतर हाच मलेरियाच्या लशीचा इतिहास होय. हे अंतर फार महाग पडले आहे. २०२३ या एकाच वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती.

इतका उशीर का झाला, याचे पहिले कारण साधे आहे. प्लेगचा जंतू मांसरसाच्या काढ्यात वाढवता येत होता. हाफकिन यांनी तो वाढवला, उष्णतेने मारला आणि टोचला. मलेरियाचा परजीवी काढ्यात वाढत नाही. त्याला जिवंत डास हवा, जिवंत यकृतपेशी हवी, जिवंत रक्तपेशी हवी. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम ही सर्वांत घातक जात प्रयोगशाळेत मानवी रक्तात अखंड वाढवणे विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांना १९७६ मध्ये साधले. तोपर्यंत लशीसाठी लागणारा कच्चा मालच हाती नव्हता.

दुसरे कारण समजायला अधिक काळ जावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात नील हॅमिल्टन फेअरली यांनी स्वयंसेवकांवर एक विलक्षण प्रयोगमाला केली. संसर्गित डास चावलेल्या स्वयंसेवकाचे रक्त ठरावीक अंतराने काढून ते दुसऱ्या व्यक्तीला देण्यात आले. चाव्यानंतर साधारण अर्ध्या तासापर्यंत काढलेल्या रक्ताने दुसऱ्याला मलेरिया झाला. त्यानंतर काढलेल्या रक्ताने झाला नाही. मग कित्येक दिवसांनी रक्त पुन्हा संसर्गजन्य झाले. मधल्या काळात परजीवी कुठे होता? भारतीय वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेले हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी सिरिल गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये लंडनमध्ये याचे उत्तर शोधले. परजीवी यकृतात दडून वाढत होता.

लशीच्या दृष्टीने हा शोध निर्णायक ठरला. डासाच्या लाळेतून शिरणारे परजीवीचे रूप म्हणजे स्पोरोझोइट. एका चाव्यात त्यांची संख्या फार नसते, दहा-वीस ते शे-दोनशे. रक्तात शिरलेला स्पोरोझोइट अल्पावधीत यकृत गाठतो. तिथे एकेका पेशीत आठवडाभर वाढून तो हजारो नवे परजीवी निर्माण करतो. ते रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात, दर ४८ तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशी गाठतात. थंडी वाजून येणारा ताप हा या फुटण्याचा परिणाम. ताप येतो तेव्हा शत्रूची संख्या कोट्यवधींत गेलेली असते. तो मूठभर असतो आणि उघड्यावर असतो तो काळ जवळजवळ त्या पहिल्या अर्ध्या तासापुरताच.

या शर्यतीचे गणित निर्दय आहे. समजा, एखाद्या लशीने यकृताकडे निघालेल्या शंभर स्पोरोझोइटपैकी नव्याण्णव अडवले. कोणत्याही परीक्षेत हे उत्तम यश मानले जाईल. पण उरलेला एक यकृतात पोचतो आणि तिथून हजारो परजीवी बाहेर पडतात. रक्तातील संख्या दर ४८ तासांना साधारण दहापट होते असे धरले, तर सुरुवातीची शंभरपट घट भरून निघायला दोन आवर्तने, म्हणजे चार दिवस पुरतात. नव्याण्णव टक्के परजीवी रोखणारी लस त्या माणसाचा आजार टाळत नाही, फक्त चार दिवस पुढे ढकलते. पहिल्या टप्प्यावरच्या लशीला पूर्ण यश किंवा जवळपास शून्य यश, एवढेच दोन पर्याय उरतात. त्यासाठी चाव्याच्या क्षणी रक्तात प्रतिपिंडांची पातळी फार उंच असावी लागते. कारण डास चावल्यानंतर शरीराने प्रतिपिंडे तयार करायला घेतली, तर तोवर शर्यत संपलेली असते.

तिसरे कारण परजीवीच्या स्वभावात आहे. हेपटायटिस-बी विषाणूच्या जनुकसंचात चार जनुके असतात. फाल्सिपॅरमचा जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे ५,३०० जनुके आढळली. स्पोरोझोइटच्या अंगावरची प्रथिने वेगळी, यकृतातील अवस्थेची वेगळी, रक्तातील अवस्थेची आणखी वेगळी. एका रूपाविरुद्ध शिकवलेली प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या रूपाला ओळखत नाही. रक्तातील परजीवी तर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर जे प्रथिन मांडतो, त्याच्या सुमारे साठ आवृत्त्यांची जनुके त्याच्याजवळ असतात. शरीर एक आवृत्ती ओळखू लागते तोवर परजीवी दुसरी मांडतो.

याचा परिणाम निसर्गातही दिसतो. देवीतून बरा झालेला माणूस सहसा आयुष्यभर सुरक्षित राही, आणि लसीकरणाची मूळ कल्पना त्याच निरीक्षणावर उभी राहिली. मलेरियातून बऱ्या झालेल्या माणसाला मलेरिया पुन्हा होतो. जावा आणि न्यू गिनीत पाहणी करताना रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास नोंदवले होते की, सतत मलेरिया असलेल्या प्रदेशात मुले आजारी पडतात आणि प्रौढ मात्र बरेच सुरक्षित राहतात. पण हे संरक्षण वर्षानुवर्षे वारंवार संसर्ग होऊन मिळते, ते अपुरे असते आणि माणूस तो प्रदेश सोडून गेला की ओसरते. म्हणजे मलेरियाच्या लशीने निसर्गाची नक्कल करून भागत नाही. तिने निसर्गापेक्षा सरस काम करायला हवे.

तरीही आशेला आधार होता. त्याचा एक आरंभबिंदू निलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर येथे सापडतो. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने रॉकफेलर फाउंडेशनचे मलेरियाविषयक संशोधन चालत असे. १९४१-४२ मध्ये मुलिगन, पॉल रसेल आणि मोहन यांनी कोंबड्यांच्या मलेरियाचे स्पोरोझोइट अतिनील किरणांनी निष्क्रिय करून कोंबड्यांना टोचले. पूर्ण संरक्षण मिळाले नाही, पण आजार सौम्य झाला. प्रारणाने दुबळा केलेला परजीवी लस म्हणून वापरण्याची ही कल्पना पंचवीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग आणि सहकाऱ्यांनी पुढे नेली. १९६७ मध्ये त्यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेल्या स्पोरोझोइटनी उंदरांचे मलेरियापासून रक्षण करता येते, हे दाखवले. दरम्यान १९६१ मध्ये गांबियात केलेल्या प्रयोगात प्रतिकारक्षम प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी बालकांना दिल्यावर त्यांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले होते. शरीर मलेरियाशी लढू शकते, याविषयी आता शंका उरली नव्हती.

१९७३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड क्लाइड आणि सहकाऱ्यांनी हाच मार्ग माणसांत वापरून पाहिला. क्ष-किरण दिलेले संसर्गित डास स्वयंसेवकांना चावू दिले गेले आणि संरक्षण मिळाले. मात्र त्यासाठी शेकडो, कधी हजारावर चावे घ्यावे लागले. ही लस म्हणून कोण स्वीकारणार? स्पोरोझोइट मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे डासाची लाळग्रंथी. पुढे अमेरिकेतील सनारिया या कंपनीने निर्जंतुक वातावरणात डास वाढवून, त्यांच्या लाळग्रंथी हाताने वेगळ्या करून अशी लस तयार केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत शिरेतून पाच मात्रा घेतलेले सहाच्या सहा स्वयंसेवक सुरक्षित राहिले. तत्त्व सिद्ध झाले. पण कोट्यवधी बालकांसाठी शिरेतून द्यायची आणि अतिशीत तापमानात साठवायची लस खेड्यापाड्यांत पोचवणे ही वेगळीच अडचण होती.

म्हणून संशोधक संपूर्ण परजीवीऐवजी त्याच्या एका प्रथिनाकडे वळले. स्पोरोझोइटचे अंग ‘सर्कमस्पोरोझोइट प्रथिन’ नावाच्या आवरणाने झाकलेले असते. १९८४ मध्ये फाल्सिपॅरमच्या या प्रथिनाचे जनुक वाचले गेले. त्यात चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन:पुन्हा येत होता आणि प्रतिपिंडे नेमकी त्यालाच चिकटत होती. पाच वर्षांच्या आत लस वापरात येईल, असा विश्वास त्या काळी अमेरिकेत जाहीरपणे व्यक्त झाला. तीन वर्षांनी या तुकड्यावर आधारलेल्या पहिल्या लशींची माणसांत परीक्षा झाली तेव्हा फारच थोडे स्वयंसेवक सुरक्षित राहिले. तुकडा योग्य होता, पण शरीर त्याची पुरेशी दखल घेत नव्हते.

याच काळात कोलंबियाचे मान्वेल पातारोयो यांनी रक्तातील अवस्थेवर रोखलेली ‘एसपीएफ६६’ ही कृत्रिम लस तयार केली. टांझानियातील १९९४ च्या चाचणीत तिने सुमारे ३१ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले आणि जगभर उत्साह पसरला. नंतर गांबिया व थायलंडमधील चाचण्यांत तिचा प्रभाव आढळला नाही. एका चाचणीचा आकडा कितीही आशादायक असला तरी वेगळ्या भूमीत, वेगळ्या वयोगटात, वेगळ्या तीव्रतेच्या प्रसारात तो टिकतो का, हे पाहावेच लागते, हा धडा मलेरियाच्या लशींना तिथे मिळाला.

यशाची वाट एका जुन्या लशीने दाखवली. हेपटायटिस-बीच्या लशीतील पृष्ठभाग-प्रथिन यीस्टमध्ये तयार केले की त्याचे आपोआप सूक्ष्म गोलक बनतात, आणि प्रतिकारयंत्रणा अशा विषाणूसदृश कणांची तातडीने दखल घेते. बेल्जियममधील स्मिथक्लाइन (आजची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन) आणि अमेरिकेची वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्था यांनी १९८७ च्या सुमारास स्पोरोझोइट-प्रथिनाचा तुकडा या कणांवर बसवला. हीच ‘आरटीएस,एस’. तिला प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या द्रव्याची जोड हवी होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वेगवेगळी चेतक मिश्रणे वापरली गेली. पहिल्या मिश्रणाने आठांपैकी एक, दुसऱ्याने सातांपैकी दोन, तर तिसऱ्याने सातांपैकी सहा स्वयंसेवक वाचले. प्रथिन तेच, केवळ जोडद्रव्य बदलले. लस म्हणजे निव्वळ शत्रूचे चित्र नसते. ते चित्र किती ठळकपणे दाखवले जाते, यावरही तिचे यश ठरते.

२००९ ते २०१४ या काळात आफ्रिकेतील सात देशांत सुमारे १५,५०० बालकांवर तिची मोठी चाचणी झाली. ५ ते १७ महिने वयात लसीकरण सुरू झालेल्या बालकांत चार मात्रांनंतर, चार वर्षांच्या काळात, मलेरियाचे आजार ३६ टक्क्यांनी घटले. त्याहून लहान अर्भकांत ही घट २६ टक्केच होती. गोवराच्या लशीची सवय झालेल्या जगाला हे आकडे केविलवाणे वाटले. परंतु मलेरियाच्या तीव्र प्रसाराच्या भागात एकेका बालकाला वर्षात अनेकदा हा आजार होतो. म्हणून त्या ‘केवळ’ ३६ टक्क्यांचा अर्थ असा निघाला की, लस घेतलेल्या दर १,००० बालकांमागे चार वर्षांत मलेरियाचे सुमारे १,७७४ आजार टळले. टक्केवारी लहान आणि लाभ मोठा, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते.

तरी निर्णय सोपा नव्हता. चाचणीत मेंदूज्वराच्या नोंदी लस घेतलेल्या गटात जास्त दिसल्या होत्या. लशीमुळे तसे घडले, की तो योगायोग होता, हे तेवढ्या संख्येवरून सांगता येत नव्हते. २०१५ मध्ये युरोपीय औषध नियामकाने अनुकूल मत दिल्यानंतरही जागतिक आरोग्य संघटनेने घाई केली नाही. २०१९ पासून मलावी, घाना आणि केनिया येथे सरकारी आरोग्यव्यवस्थेमार्फत प्रायोगिक लसीकरण झाले आणि सुमारे २० लाख बालकांना लस मिळाली. ती शंका खरी ठरली नाही. लसीकरणास पात्र वयाच्या बालकांतील एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. अनुकूल मतापासून शिफारशीपर्यंत गेलेली ही सहा वर्षे कुणाला विलंब वाटतील, कुणाला सावधगिरी. त्या काळात गेलेल्या बालकांची संख्या लक्षात घेतली तर हा वाद सहज मिटणारा नाही.

शिफारस आली तेव्हा पुढची अडचण समोर उभी राहिली. लस पुरेशी नव्हती. जुलै २०२३ मध्ये बारा आफ्रिकी देशांना २०२३ ते २०२५ या काळासाठी मिळून १ कोटी ८० लाख मात्राच वाटता आल्या, आणि एका बालकाला चार मात्रा लागतात. मलेरिया हा मुख्यत्वे गरिबांचा आजार असल्यामुळे या लशीला श्रीमंत बाजारपेठ कधीच नव्हती. विज्ञानाच्या अडचणींइतकीच ही अर्थशास्त्रीय अडचणही या इतिहासात प्रथमपासून आहे.

इथे पुण्याचा प्रवेश झाला. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये ‘आर२१’ घडली. तिचे तत्त्व ‘आरटीएस,एस’चेच, पण कणाच्या पृष्ठभागावर मलेरियाच्या तुकड्यांची दाटी अधिक. जोडीला साबणवृक्षाच्या सालीतील द्रव्यापासून बनवलेले ‘मॅट्रिक्स-एम’ हे चेतक. बुर्किना फासोतील नानोरो येथे हालिदू टिंटो यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत २०२१ मध्ये तिने ७७ टक्के प्रभाव दाखवला. चार देशांत सुमारे ४,८०० बालकांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात पहिल्या वर्षभराचा प्रभाव हंगामी मलेरियाच्या ठिकाणी ७५ टक्के आणि वर्षभर मलेरिया असलेल्या ठिकाणी ६८ टक्के भरला. हे आकडे ‘आरटीएस,एस’च्या ३६ टक्क्यांशेजारी मांडून तुलना करणे मात्र चुकीचे ठरेल. एक आकडा वर्षभराचा, दुसरा चार वर्षांचा. हंगामी ठिकाणी ‘आर२१’ पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी सर्वाधिक असतानाच डास वाढतील अशा बेताने दिली गेली होती. दोन्ही लशींच्या मर्यादाही सारख्याच आहेत. पातळी काही महिन्यांत ओसरते आणि पूरक मात्रा द्यावी लागते. ‘आर२१’चे निर्विवाद वैशिष्ट्य वेगळे आहे. तिची एक मात्रा चार डॉलरच्या आत मिळते आणि वर्षाला दहा कोटी मात्रा तयार करण्याची क्षमता तिच्यामागे उभी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या लशी भारतात का दिल्या जात नाहीत? पहिले उत्तर असे की, दोन्ही लशी फाल्सिपॅरमच्या प्रथिनावर बेतलेल्या आहेत. भारतातील मलेरियात प्लाझ्मोडियम वायवॅक्स या दुसऱ्या जातीचाही मोठा वाटा आहे आणि त्यावर त्या चालत नाहीत. वायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत पडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन डास न चावताही ताप आणतात. हे सुप्त रूप १९८२ मध्ये ओळखले गेले. त्याला मारण्यासाठी अनेक दिवसांचा औषधोपचार लागतो आणि बरे वाटू लागलेला रुग्ण तो बहुधा अर्धवट सोडतो. शिवाय वायवॅक्स केवळ कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो आणि त्या रक्तात जेमतेम एक-दोन टक्के असतात. त्यामुळे तो प्रयोगशाळेत आजही अखंड वाढवता येत नाही. फाल्सिपॅरमच्या संशोधनात १९७६ पूर्वी जी अडचण होती, ती वायवॅक्सच्या वाट्याला अजूनही आहे.

दुसरे उत्तर भारताने मलेरियाविरुद्ध मिळवलेल्या यशात आहे. हे यश एकदा हातून निसटलेही आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६० च्या दशकाच्या मध्याला रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. मग डास आणि परजीवी दोघांनाही विषांची व औषधांची सवय झाली, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये नोंद झालेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. आज चित्र पुन्हा आशादायक आहे. २०१५ मध्ये सुमारे ११ लाख ७० हजार असलेली नोंद २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या घरात आली, आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य आहे. उरलेला मलेरिया मुख्यतः ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, ईशान्येकडील काही राज्ये आणि महाराष्ट्रातील गडचिरोलीसारख्या वनप्रदेशांत आहे. तो केवळ बालकांत नाही, जंगलात जाणाऱ्या प्रौढांतही आहे, आणि कित्येकांच्या अंगात तो तापाविना वावरतो.

आजार कमी झाला की लशीची परीक्षा घेणे अवघड होते. एखाद्या भागात वर्षाला हजारात एकाला मलेरिया होत असेल, तर निम्मे आजार टाळणारी लस प्रभावी आहे हे दाखवायला लाखभर स्वयंसेवक लागतील. त्यांतील लस न घेतलेल्या पन्नास हजारांत पन्नास रुग्ण सापडतील आणि लस घेतलेल्या पन्नास हजारांत पंचवीस. शिवाय अशा प्रदेशात एका बालकाचे रक्षण करण्याइतकेच महत्त्व प्रसाराची साखळी तोडण्याला येते. आफ्रिकेतील तीव्र प्रसारासाठी घडवलेले हत्यार इथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

भारतीय प्रयोगशाळा या प्रश्नापासून दूर राहिलेल्या नाहीत. वायवॅक्स तांबड्या पेशीत शिरण्यासाठी तिच्यावरील ‘डफी’ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. परजीवीच्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग हे काम करतो, ते चेतन चिटणीस आणि लुई मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवले. मुंबईच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकलेल्या चिटणीस यांनी पुढे दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात त्या भागावर आधारित लस विकसित केली आणि ती मानवी चाचणीपर्यंत नेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डमधील चाचणीत या प्रथिनाने स्वयंसेवकांच्या रक्तातील वायवॅक्सच्या वाढीचा वेग सुमारे निम्म्यावर आणला. पूर्ण संरक्षण मिळाले नाही. पण वर मांडलेले गणित आठवावे. रक्तातील लस पहिल्याच क्षणी शंभर टक्के यशस्वी व्हावी लागत नाही. दर आवर्तनातील गुणाकार कमी करणे हेच तिचे काम, आणि ते प्रत्येक आवर्तनाबरोबर साठत जाते.

जुलै २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘अ‍ॅडफाल्सिव्हॅक्स’ची घोषणा केली आणि तिच्या उत्पादनासाठी भारतीय उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. भुवनेश्वरच्या केंद्रात घडलेल्या या लशीत स्पोरोझोइटच्या प्रथिनाला परजीवीच्या लैंगिक अवस्थेतील प्रथिनांचे तुकडे जोडले आहेत. पहिला भाग माणसात संसर्ग रोखण्यासाठी. दुसऱ्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे रक्ताबरोबर डासाच्या पोटात जातात आणि तिथेच परजीवीचे प्रजनन थांबवतात. रॉस यांनी ज्या जठराच्या भिंतीत परजीवी पाहिला, तिथवर त्याला पोचूच द्यायचे नाही, असा हा विचार आहे. घोषणेच्या वेळी ही लस प्रयोगशाळा आणि प्राणी यांपलीकडे गेलेली नव्हती. तिचा लक्ष्य-परजीवीही फाल्सिपॅरमच आहे. ‘एसपीएफ६६’चा इतिहास ठाऊक असणाऱ्याने इथे उत्साह आणि संयम दोन्ही बाळगावेत.

या दीर्घ कहाणीतून भारतासाठी एक निष्कर्ष निघतो. जगासाठी स्वस्त आणि विपुल लस बनवण्याची क्षमता देशाने सिद्ध केली आहे. त्या लशीने कोणत्या परजीवीवर नेम धरायचा, हे मात्र आजवर बहुतेक वेळा दुसरीकडे ठरले. आफ्रिकेतील बालमृत्यूंपुढे फाल्सिपॅरमला प्राधान्य मिळणे न्याय्यच होते. वायवॅक्स त्या मानाने कमी जीव घेतो, म्हणून जगाच्या यादीत तो खालीच राहील. ज्यांच्या घरी तो पुन:पुन्हा ताप आणतो, त्यांची लस त्यांच्याच देशाने मनावर घेतली नाही तर दुसरे कोण घेणार? वायवॅक्सचे रुग्ण, त्यावर तीन दशके काम केलेली संशोधनपरंपरा आणि कोट्यवधी मात्रांचे कारखाने, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले देश जगात फार नाहीत. सिकंदराबादेत दर डासामागे एक आणा घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तापासून सुरू झालेले हे काम त्याच्या देशातील रुग्णांपर्यंत लशीच्या रूपाने पोचणे अजून बाकी आहे.